पुसलेली सुरी

सुरी धुवायला घेतली तेव्हा पावणेचार झाले होते. नळाखाली धरणार, तेवढ्यात मुठीपाशी, पातं जिथे लाकडात शिरतं त्या खाचेत, काहीतरी दिसलं. कपाळावरचा चष्मा खाली घेतला. बटरच्या पिवळट लेपात अक्रोडाचा एक कण रुतला होता आणि त्याला चिकटून लाल साखरेचा एक दाणा. बस, एवढंच. दोन्ही मिळून मोहरीएवढेसुद्धा नसतील. पण मी नळ बंद केला आणि सुरी हातात धरून तसाच उभा राहिलो. शेजारच्या खोलीत बायको जेवून आडवी झाली होती, तिच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता. ओव्हन केव्हाच गार झाला होता, तरी स्वयंपाकघरात बटरचा आणि करपलेल्या साखरेचा वास भरून राहिला होता. सकाळपासून तो वास मला फार आवडत होता. आता मी खिडकी उघडली.

लाल साखर म्हणजे ठमीचा रोल. अक्रोड म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचा. ठमी माझी नात, सहा वर्षांची, आणि अक्रोड पोटात गेला तर तिचा घसा आतून सुजतो. थोडा गेला काय नि फार गेला काय. डबा एक वाजता मुलगा येऊन घेऊन गेला होता. वर्षाचा शेवटचा दिवस म्हणून त्यांच्याकडे पाचला चार माणसं चहाला यायची होती, डबा तेव्हाच उघडायचा असं ठरलेलं. म्हणजे सव्वा तास हातात होता. सव्वा तास म्हणजे पुष्कळ वेळ, असं मी स्वतःला बजावलं, आणि तिथेच माझं चुकलं असणार. पुष्कळ वेळ आहे म्हटलं की माणूस विचार करायला बसतो. फोन दोन पावलांवर होता. उचलायचा आणि सांगायचं, डबा उघडू नका. तीन शब्द. ते तीन शब्द कुणाला सांगायचे, याच्यापाशी माझं घोडं पेंड खात होतं. मुलाला सांगितलं तरी ते जाणार सुनेकडेच. आणि सुनेला सांगायचं म्हणजे गेल्या तीन वर्षांत जे काही कमावलं त्याच्यावर स्वतःच्या हातानं पाणी सोडायचं.

आधी नीट आठवू दे, मी म्हटलं. प्रश्न एकच. कुठला रोल आधी कापला? ठमीचा आधी कापला असेल तर काही बिघडलेलं नाही, साखरेचा दाणा आधीच सुरीला लागला आणि अक्रोड नंतर. उलट झालं असेल तरच आफत. या बिस्किटांत कापण्यालाच सगळं महत्त्व. पीठ आदल्या दिवशी मळायचं, बटर पेपरात गुंडाळून लांबोडका रोल करायचा, कडेला साखर नाहीतर अक्रोडाचा चुरा लावायचा आणि फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्यायचा. दुसऱ्या दिवशी करंगळीच्या अर्ध्या जाडीचे काप करून भाजायचे. प्रत्येक कापानंतर रोल पाव वळसा फिरवायचा, नाहीतर खालची बाजू दबून चपटी होते आणि बिस्किटं गोल न होता अर्धवट चंद्रासारखी होतात. मला हे काम आवडलं ते मापासाठी. मी एकतीस वर्षं कारखान्यात तपासनीस होतो. पंपाच्या झडपा तपासायचो. केसाएवढा फरक दिसला की नग बाजूला. पोरं मला मागे 'नापासमास्तर' म्हणायची, मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटायचं. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी एकच सांगायचो: नोंद नसेल तर काम झालंच नाही असं धरायचं. शंका आली की अख्खा लॉट परत. 'पण साहेब, बहुतेक बरोबर आहे,' असं कुणी म्हणालं की मी त्याला सगळ्यांसमोर सोलून काढायचो. बहुतेक! पंप विहिरीत उतरवल्यावर बहुतेक चालतो का रे? आणि आता तोच मी, सुरी हातात घेऊन, मनाशी म्हणत होतो की बहुतेक लालच आधी कापला असणार.

वेगळी सुरी होती. हे सांगायलाच हवं, नाहीतर मी अगदीच बेफिकीर वाटेन. ठमीच्या रोलसाठी वेगळी सुरी, वेगळी फळी, वेगळा ट्रे. सुरीच्या मुठीला मी स्वतः निळा दोरा गुंडाळला होता, तो अजून तसाच आहे. पण ती सुरी आखूड. आणि काल रात्री फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून बायकोनं रोल वर फ्रीजरमध्ये टाकले. सकाळी काढले तर दगड. असा रोल दहा मिनिटं बाहेर ठेवायचा असतो, लहान मुलाला कळेल इतकी साधी गोष्ट. पण मुलगा एकला येणार होता आणि मला घाई. दोऱ्याच्या सुरीनं पहिला काप घेतला तो तडकला. दुसऱ्याची कड गळून पडली, लाल साखर सगळी फळीवर. ते दोन तुकडे बघून माझं डोकं फिरलं. ठमीच्या डब्यात असले नग जाणार? माझ्या हातचे? मी लांब सुरी उचलली. ती जड, एका दाबात खाली जाते, काप आरशासारखा गुळगुळीत येतो. हे सगळं लख्ख आठवत होतं. लांब सुरी उचलल्याचं आठवतं, पहिला गोल काप आडवा पडला तेव्हा झालेलं समाधान आठवतं. त्याच्या आधी ती सुरी कुठे होती, ते मात्र काही केल्या आठवेना. ओट्यावर होती. पण ओट्यावर कोरडी होती की चिकट?

बायकोनं सांगितलं होतं, 'अहो, यंदा अक्रोड घरात नकोच. सगळ्यांना साखरेचीच द्या.' मी म्हटलं, 'मग एकतीस वर्षं काय झक मारली मी कारखान्यात? दोन रोल वेगळे ठेवता येत नाहीत का मला?' ती पुढे काही बोलली नाही. ती फार बोलत नाही, पण तिचं न बोलणं निदान कळतं. सुनेचं कळत नाही. सून एका मोठ्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. दिवसभर दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचायच्या, बाटलीवरचं लेबल तीनदा बघायचं, मग द्यायचं. आम्हा दोघांचा पेशा म्हटलं तर एकच, आणि म्हणूनच मला तिची धास्ती वाटते. ठमी तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तिच्या अंगावर एकदा पुरळ उठलं होतं, डॉक्टरनं अक्रोड बंद सांगितलं, सुनेनं आम्हा दोघांना समोर बसवून नीट समजावलं. मी मान डोलावली. आणि महिन्याभरानं, घरात कुणी नसताना, मी पोरीच्या जिभेवर अक्रोडाची चिमूटभर पूड ठेवली. मुद्दाम. चुकून नव्हे. थोडं थोडं दिलं की सवय होते, आमच्या वेळी कुठे होती असली थेरं, असं माझं त्या वेळचं शहाणपण. उंटावरचा शहाणा! पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले. मग तिचा श्वास. तो आवाज मी कुणाला सांगितलेला नाही, आणि सांगणारही नाही. पोरीला उचलून मी चार जिने धावत उतरलो, समोरच्या मेकॅनिकनं गाडीत घातलं. सुई टोचल्यावर ती रडली, आणि ते रडणं ऐकून मी दवाखान्याच्या फरशीवर मटकन बसलो. सून आली. मला वाटलं आता ही मला फाडून खाणार. खायला हवं होतं. तिनं पोरीला घेतलं. मी उठून जवळ गेलो, तर काही न बोलता तिनं ठमीला डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतलं. माझ्यापासून लांबच्या खांद्यावर. एवढंच. शिवी नाही, शब्द नाही, आजतागायत नाही. घरी येते, वाकून विचारपूस करते, माझ्या गुडघ्याची औषधं न चुकता आणून देते. पण त्यानंतर वर्षभर ठमी आमच्याकडे एकटी राहिली नाही.

निवृत्त झाल्यावर मी ओव्हन घेतला, बटर आणि मैदा तोलायला लागलो, तेव्हा लोकांना वाटलं म्हाताऱ्याला छंद लागला. छंद कसला डोंबलाचा. मला त्या पोरीच्या तोंडात माझ्या हातचं काहीतरी जायला हवं होतं, आणि तिला काही व्हायला नको होतं. सहा महिने सराव केला. मग एक दिवस सुनेला विचारलं. फोनवर नाही, समोर जाऊन. सुरी वेगळी, फळी वेगळी, सगळं सांगितलं, कागदावर लिहून नेलं होतं. तिनं तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, 'बरं बाबा. पाठवा.' मी घरी चालत आलो, बसनं नाही. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं असतं तर मी त्याला मिठी मारली असती. तेव्हापासून दोन वर्षं डबा जातो आहे, वर्षअखेरीला, वाढदिवसाला, शाळेला सुट्टी लागली की. हा बहुधा नववा डबा.

चार वाजून गेले होते. मी घरी खायला बाजूला ठेवलेल्या तुटक्या बिस्किटांचा वाडगा काढला. त्यात लाल कडेची दोन होती. खणातून जुनं भिंग काढलं, कारखान्यातलं, आणि खिडकीशी उजेडात जाऊन एकेक बिस्किट तपासायला लागलो. भिंगाखाली बिस्किट भलतंच दिसतं. भेगा, भोकं, वितळून पुन्हा गोठलेली साखर. आणि कडेला तपकिरी ठिपके. भाजलेलं बटरही तपकिरी, अक्रोडही तपकिरी. एक ठिपका नखानं काढला, जिभेवर ठेवला. गोड. मग किंचित कडवट. कडवट होता, की मला तसं वाटलं? दुसरा ठेवला. काही कळेना. तोंड कोरडं पडलं होतं, कशालाच चव लागत नव्हती. शंका आली की अख्खा लॉट परत, मी मोठ्यानं म्हणालो, आणि आतून बायकोनं विचारलं, 'काय म्हणालात?'

'काही नाही.'

ती केस बांधत बाहेर आली, चहाचं आधण ठेवलं. मी भिंग खिशात टाकलं. तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो, कारण माझा चेहरा तिला चाळीस वर्षं पाठ आहे. तीही तिच्या नादात होती. म्हणाली, 'अहो, खालची ड्रायव्हरची बायको फोनवर हसत होती मघाशी. म्हणे, आजोबांनी डबा इतका गरम दिला की झाकणाला आतून पाणी सुटलं. साडेअकराची गाडी होती त्यांची, माहेरी निघाली होती बिचारी.'

साडेअकराची गाडी.  ती निघणार म्हणून बायकोनं सकाळी हाक मारली होती, 'आधी खालचा डबा करा हो, ते निघतील.' मी आधी तो केला. अक्रोडाचा. लांब सुरीनं. सगळं एका झटक्यात समोर उभं राहिलं: अक्रोडाचे काप ट्रेमध्ये, सुरी उचलून मी कमरेच्या फडक्याला पुसली, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आणि ओट्यावर ठेवली. पुसली होती. धुतली नव्हती.

'साखर किती घालू?' बायको विचारत होती. मी म्हटलं घाल कितीही. ती चमकून बघायला लागली तसा मी फोन घेऊन बाहेरच्या खोलीत आलो. आणि इथे मी जे केलं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. मी मुंग्यांचा विचार केला. मुलाला फोन करायचा आणि म्हणायचं, अरे, साखरेत मुंग्या निघाल्या, डबा फेकून दे, मी उद्या नवीन करून देतो. पोर वाचेल, मीही वाचेन. इतकं सोपं. कुणाचं काय बिघडतं? सुचलं तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटलं. फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. चार पंचवीस. तिसऱ्यांदा वाजत असताना मला दिसलं की मुलगा काय म्हणेल. तो म्हणेल, 'मुंग्या ना? झटकून टाकतो बाबा, त्यात काय.' तसाच आहे तो, कशाचंच काही वाटत नाही त्याला. झटकेल, आणि डबा टेबलावर ठेवेल. मुंगीला घाबरून कुणी बिस्किट टाकत नाही. मी फोन बंद केला. सुनेचा नंबर लावला. तोही वाजत राहिला. मग मात्र पाचावर धारण बसली. चार मंडळी लवकर आली असतील तर? डबा उघडला असेल, म्हणूनच कुणी उचलत नसेल तर? तो आवाज, तीन वर्षांपूर्वीचा, माझ्या कानात सुरू झाला.

'कुठे निघालात? चहा!' बायको ओरडली. मी एक बूट चढवला, दुसरा हातात, आणि दार उघडून जिन्यावर आलो. त्यांचं घर दोन थांब्यांवर. बस नाही मिळाली तर धावायचं, या गुडघ्यांनी. दुसऱ्या पायरीवर फोन वाजला. सून.

'बाबा, तुमचे फोन आले होते. मी न्हाणीघरात होते. काय झालं?'

मुंग्या, मी म्हणणार होतो. तोंडात शब्द तयार होता. पण तिचा तो आवाज, खिडकीवरून पेशंटला विचारावं तसा शांत, ऐकला आणि माझ्याच्यानं खोटं बोलवेना. 'डबा उघडू नकोस,' मी म्हटलं. 'अक्रोडाचीच सुरी लागली आहे त्याला. मी आधी तो रोल कापला, मग तिचा. पुसली होती सुरी. धुतली नाही. वेगळी सुरी होती, पण मी ती वापरली नाही. काप तडकत होते म्हणून. ठमीनं काही खाल्लं नाही ना? आधी ते सांग.'

 मग ती म्हणाली, 'बाबा, तुम्ही कुठे आहात? बसा आधी.'

मी पायरीवर बसलो. 'खाल्लं का तिनं?'

'नाही खाल्लं. ठीक आहे ती, इथेच खेळतेय. डबा बांधलेलाच आहे.' ती थांबली. 'आणि बाबा, ती खाणारही नव्हती. मी तिला देत नाही ती. पहिल्या डब्यापासूनच नाही दिली. दवाखान्यात नेते, आमच्याकडे सगळ्यांना फार आवडतात. तुम्हाला सांगणार होते. दर वेळी ठरवायचे. पण तुम्ही इतकं जीव ओतून करता, मग धीरच होईना.'

खरं सांगतो, आधी मला आनंद झाला. असा आनंद की भिंतीला डोकं टेकवून मी मोठा श्वास सोडला. पोर वाचली होती. आजच नव्हे, नऊच्या नऊ वेळा वाचली होती. त्यातल्या किती वेळा मी सुरी नुसती पुसली होती कुणास ठाऊक. मग हळूहळू दुसरं आलं. नऊ डबे. एकेक काप पाव वळसा फिरवून. त्यातला एकही तिच्या तोंडात गेला नव्हता. जिन्यावर खालून कुणाच्या तरी स्वयंपाकाचा वास येत होता आणि माझ्या एका पायात बूट होता. रागवावं असं मनात येऊन गेलं, पण कुणावर? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिच्या जागी मी असतो तर मीही अख्खा लॉट परत केला असता. मी कुणाच्या कागदावर विश्वास ठेवला होता कधी?

'तुझ्या सासूला माहीत आहे?' मी विचारलं.

 दारात बायको चहाचा कप घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, कपाकडे पाहिलं.

'बरं केलंस,' मी फोनमध्ये म्हणालो. 'अगदी बरं केलंस. मला सांगायला हवं होतंस असंही म्हणत नाही. पण केलंस ते बरोबर केलंस.'

'बाबा, तुम्ही आज स्वतःहून सांगितलंत...' तिचा आवाज एकदम फाटला. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिला रडताना ऐकत होतो. मी नुसता 'असू दे, असू दे' म्हणत राहिलो. तेवढ्यात पलीकडे धडपड झाली, 'आजोबा आहेत? मला दे, मला दे' असं ऐकू आलं, आणि सून काही म्हणायच्या आत फोन ठमीच्या हातात गेला.

'आजोबा, बिस्किटं एकदम मस्त झाली होती! थँक्यू!' एका दमात म्हणून मोकळी झाली, शाळेत कविता म्हणावी तशी.

'आवडली?' मी म्हटलं. 'किती खाल्लीस गं?'

 हा प्रश्न तिला नवीन होता. मग फोन तोंडापासून थोडा लांब गेला आणि तिनं हळूच विचारलं, 'आई, किती सांगू?'

 ठमी वाट बघत राहिली, तिचा श्वास फोनमधून स्पष्ट ऐकू येत होता, स्वच्छ, मोकळा.

'चार सांग,' मीच म्हणालो.